कंपनीचा फॅन आणि आत्तींची हाक

आमच्या घरात हळू हाक ऐकून उठणारं माणूस एकच, मी. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत. इतकी वर्षं त्या धडधडीत काढल्यावर त्यांना आता मोठ्यानं बोललेलं तेवढंच लागतं, आणि मोठ्यानं बोला असं कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळं त्यांचं कुठं अडलं नाही. मुलगी पुण्याला शिकते. राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. आत्तींचे कान या वयातही तिखट आहेत. गेलाय तो आवाज.

एकेकाळी हा आवाज काय होता ते शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं. आत्तींनी गॅलरीतून हाक मारली की तालमीच्या कट्ट्यावर बसलेले सासरे उठायचे, आणि आपल्यालाच बोलावलं असं वाटून आणखी दोघं-तिघं उठायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई माझ्यावर सारखी चिडलेली आहे. नंतर कळलं, साखर मागतानासुद्धा त्या तशाच बोलतात. मग कंपवात झाला. आधी हात थरथरायला लागले, पुढं पाय जड झाले, आणि आवाज बसत बसत गेला. या आजारात असं होतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. आता त्या बोलतात ते ओठांपाशीच राहतं. जवळ कान नेला तर शब्द कळतात. लांबून ऐकायचं तर घर शांत लागतं.

आणि घर शांत नव्हतं, ते माझ्यामुळं. मी लग्नाचे अल्बम करते. कुरुंदवाड, हातकणंगले, जयसिंगपूर अशा गावांतले फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात आणि मी त्यातलं निवडून, कापून, सजवून पानं लावते. हल्ली फोटोंबरोबर व्हिडिओही करून मागतात. कॉम्प्युटरचं जुनं मशीन त्या कामाला टेकीला आलं, म्हणून गेल्या थंडीत नवीन जोडून घेतलं. टेबल बाहेरच्या खोलीत, कारण माणसं येऊन बसतात. आत्तींची खाट मधल्या खोलीत. मधलं दार कायम उघडं. खाटेच्या बाजूला टेबल नेऊन बघितलं, पण मग रात्री त्यांना संडासला न्यायची खुर्ची वळेना, म्हणून पुन्हा होतं तिथं आणलं.

नव्या मशीनच्या प्रोसेसरबरोबर खोक्यातच एक फॅन आला होता. बुटका, काळा, खाली ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा आणि वर हाताच्या पंजाएवढा पंखा. दुकानदारानं तोच बसवून दिला आणि मीही काही विचारलं नाही. थंडीत तो गप्प होता. होळी झाली, ऊन वाढलं, लग्नसराई सुरू झाली, आणि त्यानं तोंड उघडलं. साधं काम असेल तर घरघर. व्हिडिओ तयार व्हायला लावला की असा ओरडायचा की समोर बसलेला फोटोग्राफर म्हणायचा, वहिनी, मिक्सर लावलाय का आत.

मला त्या आवाजाचं एरवी काही वाटलं नसतं. पेठेत राहून आवाजाची तक्रार करणाऱ्यानं दुसरीकडं घर बघावं. पण त्या घरघरीत आत्तींची हाक बुडायची.

घंटी हा उपाय मिस्टरांना पहिल्याच दिवशी सुचला होता. महाद्वार रोडवरून त्यांनी एक छोटी पितळी घंटी आणली आणि उशाशी ठेवली. आत्तींनी ती बघितली आणि थरथरत्या हातानं बाजूला सारली. मी कान खाली नेला. "घंटी देवाला वाजवत्यात," त्या म्हणाल्या. "सुनंला घंटी वाजवून बोलवायला मी काय सायबीण हाय व्हय?" मी म्हटलं, आत्ती, मला राग नाही येणार. तर म्हणाल्या, "तुला न्हाय यायचा. गल्ली काय म्हनंल?" गल्लीला त्यांची हाक आता ऐकू येत नाही, पण घंटी ऐकू आली असती, हे खरंच होतं. मग आम्ही बटण दाबलं की बाहेर वाजणारी बेल आणली. तीही उशीखाली गेली आणि तिथंच राहिली. माणसाला माणसानं तोंडानं हाक मारायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आजारपणानं सगळं घेतलं तरी हा हट्ट तेवढा शाबूत ठेवला होता.

वैशाखातल्या एका दुपारी मी हातातलं काम संपवून उठले आणि आत गेले तर आत्ती भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. चादर ओली होती. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. त्यांनी हाका मारल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि मला एकही आली नव्हती. मी पातळ बदललं, अंग पुसलं, चादर पालटली. त्या सगळ्यात त्यांनी डोळे उघडले नाहीत. ज्या बाईच्या आवाजाला तालमीतले पैलवान दचकायचे तिला असं लाजेनं डोळे मिटून पडलेलं बघून मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी कंबर इतकी दुखत होती की थोडा रागही आला. कुणाचा ते मात्र सांगता येणार नाही.

तेव्हा ठरवलं, हा फॅन बदलायचा.

मिस्टरांना सांगितलं तर त्यांनी आधी मशीनशेजारी कान नेला, मग तळहात ठेवला. कानानं कळेना तेव्हा ते हातानं बघतात. म्हणाले, "थरथरतंय खरं. पण कंपनीनं दिलंय ते काय खुळ्यानं दिलंय?" आमच्या घरात हा नियमच आहे. गाडीचा आरसा फुटला तरी कंपनीचा, मिक्सरचं भांडं गेलं तरी कंपनीचं. बाहेरचा माल लावला की यंत्र बिघडतं असं त्यांचं ठाम मत आहे आणि फौंड्रीत असल्यामुळं त्या मताला घरात वजन आहे. मी म्हटलं, यंत्र बिघडत नाही हो, तुमची आई बिघडतेय. त्यांनी तळहात मशीनवरून काढला. म्हणाले, "बघ मग. पर आधी साफ करून बघ."

तेही चूक नव्हतं. मी झाकण काढून ब्रशनं धूळ काढली. आमच्याकडची धूळ म्हणजे रस्त्याची, उदबत्तीची आणि फोडणीची मिळून एक चिकट खिचडी असते, ती त्या ठोकळ्याच्या फटीफटीत बसली होती. निघाली तेवढी काढली. मुलीनं पुण्याहून फोनवर सांगत सांगत माझ्याकडून सेटिंगमध्ये फॅनचा वेग कमी करून घेतला. दोन दिवस घर असं शांत झालं की मला वाटलं झालं काम. पण मशीन तापायला लागलं आणि तापलं की आपणहून हळू चालायचं. चहा होईपर्यंत तयार होणारा व्हिडिओ स्वयंपाक आटपला तरी अर्ध्यात. फोटोग्राफरचे फोन सुरू झाले, "वहिनी, पावणं दारात येऊन बसल्यात की." वेग पुन्हा वाढवला. पुन्हा घरघर.

मग फोनवर व्हिडिओ बघत बसले. कंपनीचा फॅन चांगला की बाहेरचा कूलर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवायला वेगळा घेतलेला मोठा पंखा, यावर जगभरची पोरं भांडत असतात. कुणी म्हणतं, कंपनीचा फुकट येतोय तर पैसे कशाला घालायचे. कुणी म्हणतं, गेम खेळायचा असेल तर बाहेरचाच. कितीला तापला आणि कितीवर आला, एवढीच चर्चा. पलीकडच्या खोलीतून सासूची हाक ऐकू येईल का, हे कुणीच सांगत नव्हतं. त्यातल्या एकाच्याही घरात आजारी माणूस नसावं. बघता बघता माझा डोळा लागायचा. त्या उन्हाळ्यात मी बसेन तिथं झोपत होते, भाजी निवडताना, रिक्षात, एकदा तर बँकेच्या बाकड्यावर.

शेवटी राजारामपुरीतल्या त्याच दुकानात गेले. जाताना मशीनचं माप घेतलं होतं, शिवणकामाच्या टेपनं. दुकानदार टेपेकडं बघून हसला, पण माप कामाला आलं. म्हणाला, "वहिनी, कंपनीचा फॅन वाईट न्हाय. लोकं उगंच त्याला शिव्या घालत्यात. बिलं, टायपिंग एवढंच करणाऱ्याला त्यो जल्माला पुरतोय. तुमचं काम दांडगं हाय आणि पंखा बारका, मग त्यो पळणारच की." मोठ्या कूलरचा पंखाही मोठा, म्हणून तो सावकाश फिरला तरी तेवढीच हवा ओढतो आणि आवाज करत नाही, हे त्यानं समजावलं. मग एक काढून दाखवला. उभा, पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधून तांब्याच्या नळ्या. तो टेपनं मोजला तर आमच्या मशीनचं झाकण लागलं नसतं. दुसरा काढला, त्याच्यात पाणी फिरतं म्हणाला. मी म्हटलं, पाणी नको. पंचगंगेचं पाणी दर पावसाळ्यात बघतोय तेवढं पुरे. तिसरा जरा बुटका उभा कूलर होता, तो मापात बसत होता.

"याचा आवाज किती?" मी विचारलं.

"न्हाईच म्हना की."

"नाहीच म्हणजे? शेजारच्या खोलीतलं आजारी माणूस हळू बोललं तर ऐकू येईल?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. असं गिऱ्हाईक त्याला पहिलंच असावं. मग त्यानं दुकानातलंच एक मशीन सुरू केलं ज्यात तो कूलर होता, रस्त्याकडचं दार लोटलं, आणि स्वतः मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन हळूच म्हणाला, "येतंय का?" आलं. मी मान हलवली, ती त्याला आतून दिसली नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "वहिनी, येतंय का?" मला एकदम रडू आलं. काही कारण नव्हतं. इतके दिवस कुणीतरी एवढं हळू बोललेलं मला पहिल्याच फटक्यात ऐकू आलं होतं, एवढंच.

संध्याकाळी त्याचा माणूस घरी येऊन कूलर बसवून गेला. मिस्टर शेजारी उभे होते. सगळं झाल्यावर त्यांनी मशीनवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "चालू हाय का बंद हाय?" चालू होतं. कानालाच काय, हातालाही कळत नव्हतं. बाहेरच्या मालाला त्यांनी पहिल्यांदाच मान दिला, म्हणजे नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले ती अगदी निवांत. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं तेही ऐकू येत होतं. कुरुंदवाडचा एक मोठा व्हिडिओ लावला तरी मशीन हूं की चूं करेना. मी कान आत लावून बसले होते. हाक आली की उठायचं. सकाळ गेली, हाक नाही. मला वाटलं, बरं आहे, आज त्यांना झोप लागली. जेवण भरवायला गेले तेव्हा त्या जाग्याच होत्या, पण गप्प. थोडं खाल्लं, पाणी नको म्हणाल्या. मी पुन्हा बाहेर. दुपार उतरली तरी आतून काही नाही. इतकी शांतता मिळाल्यावर मी मनातल्या मनात दुकानदाराला आशीर्वाद देत होते.

चहा घेऊन आत गेले तर चादर ओली.

माझा तोल गेला. एरवी मी आत्तींवर आवाज चढवत नाही, त्यांना उलटून चढवता येत नाही म्हणून तर नाहीच. पण त्या दिवशी चढवला. म्हटलं, "आत्ती, हाक का नाही मारली? मी इथंच होते की. एवढी धावपळ केली, पैसे घातले, तुमची हाक यावी म्हणून केलं ना सगळं? एक हाक मारायला काय झालं होतं?" खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत लाज नव्हती, भांबावल्यासारख्या होत्या. ओठ हलले. मी कान खाली नेला.

"तू घरात हुतीस?" त्या म्हणाल्या.

"मग कुठं जाणार?"

त्या थांबत थांबत सांगायला लागल्या. आमच्याकडच्या बायका बोलताना आलो, गेलो असंच म्हणतात, आत्तीही तशाच. "ते वाजत हुतं तवर मला कळायचं. लई वराडलं की तू कामात. तवा मी दम धरायचो. कमी झालं की मोकळी झालीस. तवा हाक मारायचो. कवा कवा यायची न्हाईस, पर हायस ते ठावं हुतं." श्वास घेतला. "आज सकाळधरनं कायच वाजंना. म्हटलं, पोरगी भाईर गेली, जेवाय घालाय तेवढी आली आन परत गेली. रिकाम्या घरात हाक कुणाला मारायची?"

मी खाली फरशीवरच बसले. चहा थंड होऊन साय धरायला लागला. सकाळपासून मी त्यांच्या हाकेसाठी कान देऊन बसले होते आणि सकाळपासून त्या माझ्या आवाजासाठी कान देऊन पडल्या होत्या. मधलं दार उघडं होतं. दोघींनाही पलीकडं कुणी नाही असंच वाटत होतं. मला वाटलं होतं, आवाज गेला की माझा वैताग जाईल. इतका थकवा मला त्या महिन्यांत कधी आला नव्हता जेवढा त्या क्षणी आला.

मिस्टर घरी आल्यावर त्यांना सांगितलं, दोनदा सांगावं लागलं. म्हणाले, "मग कंपनीचा परत लावू या की. खोक्यात हाय न्हवं?" मी नको म्हटलं. तो लावला तर आत्तींना मी कळणार आणि मला आत्ती कळणार नाहीत. हा असला तर उलटं. दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर बाकीचं माणसानंच भरून काढायला पाहिजे, एवढं मला समजलं होतं. रेडिओ लावायचंही मनात आलं, पण रेडिओ लावून मी बाहेर जाऊ शकते हे आत्तींना कळायला वेळ लागला नसता.

म्हणून आता मी बोलते. कामाला बसले की तोंड सुरू. "आत्ती, हातकणंगल्याचं लग्न लावलंय. नवरीचा मामा प्रत्येक फोटोत मधे आलाय, त्याला कापतेय. आत्ती, ही करवली बघा, हिला कुणी सांगितलं एवढी लाली लावायला. आत्ती, आता व्हिडिओ लावला, मी मोकळी झाले, काही पाहिजे का?" फोटोग्राफर आला की त्याला वाटतं मी फोनवर आहे. आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. हाका येऊ लागल्या. पाणी पाहिजे, कूस बदल, भांडं दे. मऊ, बारीक, पण येतात, आणि मी पहिल्या हाकेला उठते. कंबर दुखते, पण चादर ओली झालेली नाही.

मात्र दिवसभर बोलायचं म्हणजे जीव जातो. मी मुळात बोलकी नाही. या घरात बोलायचं काम आजवर दुसऱ्या कुणाकडं होतं. परवा दुपारी घसा इतका सुकला, डोळे इतके जड झाले की बोलता बोलता मी टेबलावर डोकं ठेवलं. मशीन चालू होतं, घरात कसलाच आवाज नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही, पाच मिनिटं असतील. झोप लागलीच होती.

"पोरी," आतून आलं. "हायस न्हवं?"

त्यांना पाणी नको होतं, भांडं नको होतं. डोकं टेबलावरच होतं, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

"हाय आत्ती," मी म्हटलं. "हितंच हाय."

"मग बोल की."

मी डोकं उचललं, पुढचा फोटो उघडला, आणि त्यात कोण कोण आहे ते सांगायला लागले.